तोंडात किडे पडले तर: ओळख, काढणी, औषधं आणि नंतरची निगा

तोंडातल्या परजीवींची पुस्तकातली यादी लांबलचक आहे. विदर्भातल्या खेड्यात मात्र गाठ पडते ती मुख्यतः माशीच्या अळ्यांशी. त्या हिरड्यात सापडतात, टाळूत सापडतात, नाहीतर तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेत. बाकीचे परजीवी क्वचित दिसतात आणि त्यातल्या काहींना औषधाचीही गरज नसते. म्हणून इथे बरीचशी जागा अळ्यांनाच दिली आहे. लेख आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि सिस्टर, तालुक्याचे दंतवैद्य आणि बाजेवर पडून असलेल्या माणसाचं सगळं करणारे घरचे लोक यांच्यासाठी आहे. घरी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते त्या-त्या जागी सांगितलं आहे.

आधी किडे नाहीत ना, ते बघा

दाढेला काळा खड्डा पडतो तो कोणत्याही अळीमुळे नाही. दातावर साचलेल्या थरातले जीवाणू साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. तरीही आठवडी बाजारात 'दाढेतले किडे' काढून देणारे आजही बसतात. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीतून धूर दाढेला द्यायचा आणि मग पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक वळलेले किडे दाखवायचे, असा तो प्रकार. ते किडे म्हणजे तापून फुटलेल्या बियांमधले कोंब असतात. रोग्याला बाजूला ठेवून नुसत्या बिया भाजा, वाटीत तेच 'किडे' दिसतील. धुराने दाढ तासभर बधिर झाल्यासारखी वाटते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. तेवढ्या काळात मुळाशी पू वाढत जातो. अशा दाढेला दंतवैद्य लागतो, जंताची गोळी नाही.

लहान मुलाच्या तोंडातून किंवा नाकातून अचानक लांब, गोल, पांढुरका-गुलाबी जंत बाहेर आला तर तो पोटातला गोल जंत आहे, 15 ते 30 सेंटिमीटरचा. तापात किंवा उलटीबरोबर तो वर येतो. त्याचं घर आतड्यात असतं, तोंडात जखम नसते. मूल एरवी ठीक असेल तर अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमचा एक डोस पुरतो, 1 ते 2 वर्षांच्या बाळाला 200. पण पोट फुगलेलं, हिरवी उलटी, शौचास बंद असं काही असेल तर गोळी द्यायची नाही, सरळ रुग्णालयात न्यायचं. जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो.

जिभेवर, गालात पांढरा दह्यासारखा थर असेल आणि पुसल्यावर खाली लाल दिसत असेल तर ती बुरशी. मधुमेह, दम्याचा पंप, कवळी आणि कमी झालेली प्रतिकारशक्ती ही तिची नेहमीची कारणं. हा लेख तिच्याबद्दल नाही.

अळ्या कोणाच्या तोंडात पडतात

निरोगी माणसाच्या तोंडात माशीला सहसा अंडी घालता येत नाहीत. तो तोंड मिटतो, हात हलवतो, थुंकतो. यातलं एखादं जरी बंद पडलं तरी माशीला वाट मिळते. पक्षाघाताने पडून असलेले आजोबा, फिट येणारी किंवा मतिमंद मुलं, नाक चोंदल्यामुळे तोंड उघडं टाकून झोपणारी माणसं, दारू पिऊन ओट्यावर पडून राहणारे, शुगर वाढलेले आणि उघडी जखम असलेले कर्करोगी हे नेहमीचे रुग्ण. वरच्या पुढच्या दातांमागची हिरडी आणि टाळूचा पुढचा भाग ही सर्वांत जास्त सापडणारी जागा. ओठ उघडे राहिले की तीच जागा आधी वाळते आणि माशीलाही तीच आधी मिळते.

आपल्याकडे भर पडते ती खर्‍याची. सुपारी-तंबाखूच्या खर्‍याने गालाची आतली कातडी ताठरते, तोंड कमी उघडतं, दात नीट घासले जात नाहीत. पुढे त्याच गालात न भरणारी जखम होते, तिला वास सुटतो, आणि वासावर माशी येते. म्हणून खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात अळ्या सापडल्या तर कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून चाला.

माश्या दोन तऱ्हेच्या असतात. घरमाशीसारख्या माश्या सडलेल्या भागावर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या बहुधा मेलेलं मांसच खातात. दुसरी क्रायसोमिया बेझियाना. ही जिवंत मांसावरच वाढते. ढोरांच्या जखमेत, शिंगाच्या मुळाशी, नव्या वासराच्या नाळेत किडे पाडणारी माशी बहुतेक वेळा हीच. ती जखमेच्या कडेला एका वेळी शंभर-दोनशे अंडी चिकटवते, अंडी एका दिवसात फुटतात, अळ्या डोकं आत आणि शेपूट बाहेर ठेवून मांसात शिरतात आणि 5 ते 7 दिवसांत पूर्ण वाढून मातीत कोष करायला खाली पडतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत कोठ्यात एखाद्या बैलाची जखम उघडी असेल आणि शेजारच्या ओसरीत तोंड उघडं टाकून आजी झोपलेली असेल, तर माशीला दहा पावलंही जावं लागत नाही.

घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अंडी घालायला माशीला काही मिनिटं पुरतात आणि स्वच्छ घरातही हे होतं. 'लोक काय म्हणतील' या लाजेने दोन-तीन दिवस लपवलं जातं आणि त्याच दोन-तीन दिवसांत अळ्या हिरडीतून हाडापर्यंत जातात.

कसं ओळखायचं

बोलता येणारा रुग्ण सांगतो, "तोंडात काहीतरी वयवय करते." खाज, टोचल्यासारखं दुखणं, लाळेत रक्त, वरचा ओठ सुजणं आणि मेलेल्या उंदरासारखा वास या तक्रारी असतात. न बोलणारा रुग्ण जेवण सोडतो, रात्री कण्हतो, तोंडाशी हात नेत राहतो. उशीवर अळी सापडते तेव्हा बहुधा बरेच दिवस झालेले असतात.

तपासताना रुग्णाला बसवा. बसता येत नसेल तर कुशीवर वळवा, डोकं थोडं खाली. उताणं झोपवून तोंड उघडू नका, सुटलेली अळी किंवा रक्त सरळ श्वासनलिकेकडे जातं. हातात मोजे, कपाळाला टॉर्च. आधी ओठ उलटून वरची हिरडी बघा, मग टाळू, मग जिभेखाली, शेवटी दोन्ही गाल आणि मागच्या दाढांच्या मागे. कवळी असेल तर ती आधी काढा, तिच्याखाली हमखास काहीतरी लपलेलं असतं.

इथे एक गोष्ट चुकते. अळ्यांना उजेड नको असतो. टॉर्चचा उजेड पडला की त्या आत सरकतात आणि 'काहीच नाही' असं वाटतं. उजेड बाजूला करा, अर्धा मिनिट थांबा, मग तिरकस उजेडात परत बघा. हिरडीतल्या किंवा टाळूतल्या भोकाच्या तळाशी दोन बारीक काळपट ठिपके वर-खाली होताना दिसतात. तीच अळीची श्वास घ्यायची छिद्रं, तिच्या मागच्या टोकाला असतात. भोकाभोवतीची हिरडी सुजलेली, निळसर-लाल, हाडापासून सुटलेली असते. बोटाने हलकं दाबलं की शेजारच्या भोकातूनही पाणी येतं, म्हणजे आतून बोगदा झाला आहे. किती भोकं, कुठे, किती दात हलतात, हे कागदावर तोंडाचं साधं चित्र काढून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते चित्रच उपयोगी पडतं.

तोंड किती उघडतं तेही मोजा. रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी आत गेली तर ठीक. दोनच गेली तर काढणी कठीण. एकच जात असेल तर प्राथमिक केंद्रात प्रयत्न करू नका, भूल देण्याची सोय असेल तिथेच पाठवा.

काढणीची तयारी

सरळ आणि वाकडी अशा दोन बारीक आर्टरी फोर्सेप्स आणि एक बिनदातांचा चिमटा. सक्शन, रुंद नळीचं, कारण बारीक नळीत अळ्या अडकतात. 500 मिलि सलाइन, 20 मिलि सिरिंज, तिला सुईऐवजी लहान मुलांची मऊ फीडिंग ट्यूब. 2 टक्के लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. पोव्हिडोन आयोडीन. रिबन गॉज. टर्पेंटाइन तेल, औषधी दर्जाचं. रंगाच्या दुकानातलं नको. ते नसेल तर लिक्विड पॅराफिन किंवा व्हॅसलीन. लाकडी स्पॅच्युला दोन-तीन एकत्र करून गॉजने गुंडाळल्या की दातांमध्ये ठेवायला ठोकळा होतो. अळ्या टाकायला झाकणाचा डबा, त्यात स्पिरिट.

कोणत्या वस्तू वापरायच्या नाहीत हेही तितकंच महत्त्वाचं. ढोराच्या जखमेत लोक डांबरगोळीची पूड भरतात, फिनेल ओततात, सीताफळाच्या पाल्याचा रस पिळतात, जनावरांचा स्प्रे मारतात. माणसाच्या तोंडात यातलं काहीही चालत नाही. डांबरगोळी पोटात गेली तर रक्तपेशी फुटतात, सीताफळाच्या बियांचा अंश डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होते, रॉकेल श्वासात गेलं तर फुप्फुसाला सूज येते. आणि वावरात फवारायचं औषध तर ओठालाही लागता कामा नये.

काढणी, क्रमाने

पहिल्यांदा 20-30 मिलि सलाइनने तोंड हलकं धुवा आणि सक्शनने सैल पडलेल्या अळ्या उचला. रुग्ण शुद्धीवर नसेल तर घशाच्या वाटेवर लांब गॉज ठेवा, त्याचं टोक तोंडाबाहेर गालाला चिकटवून. मग भोकांच्या बाजूने लिग्नोकेन टोचा, एकूण 2 ते 4 मिलि पुरतं. हृदयरोग्यात अॅड्रेनालिन नसलेलं घ्या. भूल हिरडीच्या तळाशी दिली तर त्या द्रवाच्या दाबानेच काही अळ्या वर ढकलल्या जातात. त्यामुळे टोचतानाच चिमटा हातात असू द्या.

आता गॉजच्या छोट्या घडीवर 2-3 मिलि टर्पेंटाइन घ्या आणि थेंब पडणार नाही इतपत पिळून घ्या. ही घडी भोकावर 5 ते 10 मिनिटं धरून ठेवा, हात काढू नका. हवा बंद झाली आणि तेलाचा दाह लागला की अळ्या उलट्या सरकत बाहेर येतात. टर्पेंटाइन कधीही सिरिंजने भोकात सोडू नका. ते गिळलं गेलं तर विषारी आहे, लहान मुलाला एक मोठा चमचाही जिवावर बेतू शकतो, आणि श्वासात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो. पाच वर्षांखालचं मूल, बेशुद्ध रुग्ण आणि गिळायला त्रास होणारा पक्षाघाताचा रुग्ण यांना टर्पेंटाइन लावूच नका. त्यांना व्हॅसलीन किंवा लिक्विड पॅराफिन भोकात भरा आणि 15-20 मिनिटं थांबा. काम सावकाश होतं, पण धोका फार कमी.

बाहेर आलेली अळी शेपटाच्या टोकाला धरू नका, निसटते. पाव सेंटिमीटर तरी पकडीत घ्या आणि भोकाच्या रेषेत बाहेर सरळ, संथ ओढा. अळीच्या अंगावर काट्यांच्या ओळी असतात आणि तोंडाशी आकडे. झटका दिला की ती तुटते, अर्धा भाग आत राहतो आणि तिथे पू होतो. ती घट्ट वाटली तर सोडून द्या, घडी परत लावा, दोन मिनिटांनी सैल होते. काढलेली प्रत्येक अळी मोजून डब्यात टाका. पहिल्या बैठकीत दोन-चार अळ्या निघतात तशा पन्नासही निघतात, आणि घाई करणाऱ्याच्या हातून त्या निम्म्याच निघतात. तासभर लागेल असं धरूनच बसा.

अळ्या यायच्या थांबल्या की सुटलेली हिरडी बोथट उपकरणाने उचलून खाली बघा. सर्वांत मोठ्या अळ्या तिथेच असतात. काळा पडलेला, वास येणारा, ओढला तर सहज येणारा मांसाचा भाग काढून टाका. लाल, रक्त येणारा भाग ठेवा. फार हलणारा, गिळला जाईल असा दात काढलेला बरा. फीडिंग ट्यूबने प्रत्येक बोगद्यात सलाइन सोडा, सक्शन चालू ठेवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचं असेल तर 3 टक्क्यांचं, तेही निम्मं पाणी मिसळून, आणि फक्त उघड्या उथळ जखमेवर. खोल बंद बोगद्यात त्याचा फेस आणि वायू मांसाच्या थरात शिरतो, गाल फुग्यासारखा फुगतो.

शेवटी आयोडोफॉर्म किंवा पोव्हिडोन आयोडीन लावलेलं रिबन गॉज पोकळीत सैल भरा, 24 तासांनी बदला. घट्ट कोंबलं तर रक्तपुरवठा अडतो, शिवाय आत राहिलेली अळी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं परत करायचं, तिसऱ्या दिवशी परत. सलग दोन दिवस एकही अळी निघाली नाही की काढणी संपली. पहिल्या दिवशी सगळं स्वच्छ दिसल्यावर रुग्णाला आठवड्याची तारीख देऊन घरी पाठवणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लहान अळ्या पहिल्या दिवशी डोळ्याला दिसतच नाहीत.

अळ्या नाल्यात, उकिरड्यावर टाकू नका, त्या मातीत कोष करून माश्या होतात. स्पिरिटमध्ये ठेवा नाहीतर उकळत्या पाण्यात टाका. ओळख पटवायला पाठवायच्या असतील तर पाच-सहा मोठ्या अळ्या आधी कडक गरम पाण्यात अर्धा मिनिट आणि मग 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. सरळ अल्कोहोलमध्ये टाकल्या तर आखडतात, काळ्या पडतात आणि मागच्या टोकाची छिद्रं बघता येत नाहीत. जात त्या छिद्रांवरूनच कळते.

पोटात द्यायची औषधं

अळ्या मारणारी गोळी म्हणजे आयव्हरमेक्टिन. तिचा डोस किलोला 200 मायक्रोग्रॅम. 25 ते 35 किलोच्या रुग्णाला 6 मिलिग्रॅम, 36 ते 50 ला 9, 51 ते 65 ला 12, एकदाच. दुसऱ्या दिवशीही अळ्या निघत असतील तर डॉक्टर तोच डोस परत देतात. पूर्व विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या मोहिमेत उंची मोजून जी तिसरी गोळी देतात ती हीच, त्यामुळे नाव ओळखीचं असतं. ज्या शोधातून ती आली त्याला 2015 चं नोबेल मिळालं, पण म्हणून ती चिमट्याची जागा घेत नाही. गोळीने अळ्या मरतात आणि आतच राहिल्या तर सडतात. आधी काढणी, जोडीला गोळी. गरोदर बाईला आणि 15 किलोखालच्या मुलाला ती देत नाहीत. ढोरांसाठीचं इंजेक्शन किंवा पाजायचं औषध माणसाला देणं म्हणजे डोसचा जुगार.

जीवाणूंसाठी अमॉक्सिसिलिन 500 आणि मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून तीनदा, 5 दिवस. पेनिसिलिनची अॅलर्जी आधी विचारा. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू बंद, नाहीतर उलट्या आणि छातीत धडधड होते. दारू पिणाऱ्याच्या घरी हे त्याच्या बायकोला किंवा मुलालाही सांगून ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन 0.5 मिलि, आधीचे डोस झाले नसतील तर. दुखण्याला पॅरासिटामॉल. शाळेत वाटतात ती अल्बेंडाझोलची गोळी माशीच्या अळ्यांवर कामाची नाही.

रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, शुगर आणि संमतीने एचआयव्ही बघा. अळ्या दात-हाडापर्यंत गेल्याचा संशय असेल तर ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढा.

कोणाला लगेच पाठवायचं

डोळ्याखाली सूज, नाकातून रक्त किंवा अळ्या, पाणी प्यायल्यावर ते नाकातून येणं म्हणजे टाळूला आरपार भोक, मानेला सूज, ताप आणि गुंगी, श्वास लागणं, थांबत नाही असं रक्त. यातलं एक जरी असेल तरी 108 ला फोन करा आणि कान-नाक-घसा, मुखशल्यचिकित्सक आणि सीटी स्कॅन एका जागी असतील तिथे न्या. जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयात, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम किंवा सावंगी मेघेच्या रुग्णालयात ही सोय असते. वाटेत रुग्ण कुशीवर, तोंडावर ओलं पातळ गॉज, आणि सोबत चिठ्ठीत किती अळ्या काढल्या, कोणतं औषध किती वाजता दिलं ते. भूल द्यायची असते, म्हणून निघताना चहा-पाणी पाजू नका.

कर्करोगाचा संशय असेल तर जखमेच्या कडेचा तुकडा अळ्या पूर्ण गेल्यावर आणि दाह उतरल्यावर, साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी घेतात. भर सुजेत घेतलेल्या तुकड्याचा अहवाल दिशाभूल करतो. पण ही तारीख चुकू देऊ नका. अळ्या गेल्या, वास गेला, म्हणून घरचे परत येत नाहीत, आणि खरा आजार तिथेच राहतो.

घरची निगा

काढणीनंतरचं खरं काम घरच्या बाईच्या अंगावर पडतं, म्हणून ते जमेल इतकं साधं ठेवा. सकाळी, रात्री आणि प्रत्येक जेवणानंतर तोंड पुसायचं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट दोन छोटे चमचे मीठ. बोटाला स्वच्छ सुती कापड गुंडाळून आधी गाल, मग हिरड्या, मग जीभ, शेवटी टाळू. रुग्ण चावत असेल तर कापड गुंडाळलेला चमचा दाढांमध्ये धरा, बोट नको. गुळण्या करता येत असतील तर 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिन 10 मिलि, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. पेस्टने दात घासल्यावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या. नाहीतर पेस्टमुळे त्याचा असर कमी होतो. ओठ फुटू नयेत म्हणून खोबरेल तेल.

बाज दिवसाही मच्छरदाणीत असू द्या. गडचिरोलीकडे मलेरियासाठी औषधी मच्छरदाण्या वाटतात, त्या दुपारी गुंडाळून ठेवल्या जातात आणि माश्यांची वेळ तर नेमकी दुपारची असते. तोंड उघडं टाकून झोपण्याचं कारण शोधा: नाकातलं हाड, पॉलिप, मुलात वाढलेले अॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी). बाज कोठ्यापासून आणि उकिरड्यापासून शक्य तितकी लांब. कोठ्यातल्या ढोराची जखम पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, नाहीतर माशी तिथेच तयार होत राहते.

खाणं मऊ आणि पोटभर: पातळ वरण-भात, ज्वारीचं आंबील, दूध, कुस्करलेलं अंडं. तिखट, गरम नको. टाळूला भोक असेल तर नाकातून नळी घालून भरवावं लागतं, ते सिस्टरकडून शिकून घ्या. जखम भरते आहे का हे 7 आणि 15 व्या दिवशी बघा. हिरडी साधारण दोन-तीन आठवड्यांत भरते. त्यानंतरही कडा उंच आणि टणक राहिली तर परत पाठवा.

ओठात, जिभेत, गालात न दुखणारी गाठ

डुकरांमधल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यांची पुटी स्नायूत, मेंदूत, डोळ्यात आणि कधी जिभेत किंवा ओठात बसते. वाटाण्याएवढी, गुळगुळीत, टणक, न दुखणारी गाठ. डुकराचं मांस न खाणाऱ्यालाही ती होते, कारण अंडी येतात ती फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे. सोनोग्राफीत पाण्याची पिशवी आणि तिच्या एका कडेला चमकणारा ठिपका दिसतो. खालच्या ओठातली निळसर, फुटून परत येणारी गाठ मात्र बहुधा लाळेची असते.

इथे थांबायचं ते अल्बेंडाझोलपाशी. तोंडातली गाठ एकटी आहे असं गृहीत धरून मोठा डोस सुरू केला आणि मेंदूतही पुट्या असल्या तर त्या मरताना मेंदूला सूज येते, फिट येते. डोळ्यात असली तर दृष्टी जाऊ शकते. आधी मेंदूचा एमआरआय आणि नेत्रतज्ज्ञाची तपासणी. तोंडातली एकटी गाठ पुटीसकट काढून तपासायला पाठवली की तिचा प्रश्न मिटतो. मेंदूत असेल तर किलोला 15 मिलिग्रॅम रोज, दोन भागांत, स्टेरॉइडच्या संरक्षणाखाली, आणि ते तज्ज्ञाच्या देखरेखीतच.

कधी गालात जागा बदलणारी गाठ सापडते आणि कापल्यावर दोऱ्यासारखा लांब जंत निघतो. तो डासावाटे येणारा कुत्र्यांचा जंत. जंत अख्खा निघाला की वेगळं औषध लागत नाही.

तलावा-बोडीचं पाणी ओंजळीने प्यायल्यावर जळू तोंडात किंवा घशात चिकटल्याची शक्यता लाळेत सतत ताजं रक्त येतं तेव्हा आठवावी. ओढू नका, जबडे आत तुटून राहतात. पुढे चिकटली असेल तर मिठाच्या दाट पाण्याचा बोळा लावा, सुटली की चिमट्याने उचला. घशात असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे.

हिरडीतला अमीबा

दातांच्या अहवालात एन्टामिबा जिंजिव्हॅलिस किंवा ट्रायकोमोनास टेनॅक्स (तोंडातलाच दुसरा एकपेशी परजीवी) ही नावं आली की रुग्ण घाबरतो. यातला पहिला, 1849 मध्ये नोंदला गेलेला, हा माणसात सापडलेला पहिला अमीबा. तो दातावरच्या मळात राहतो, लाळेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि हिरड्यांच्या आजारात जास्त सापडतो. बघायचा असेल तर हिरडीच्या फटीतला मळ कोमट सलाइनच्या थेंबात घ्या, काचेवर लगेच, अर्ध्या तासाच्या आत बघा. गार झाला की त्याचं हलणं थांबतं आणि तो पेशीसारखाच दिसतो. त्याच्या पोटात पांढऱ्या पेशींचे तुकडे दिसतात, आव करणाऱ्या अमीबात लाल पेशी. एवढ्यावरून मेट्रोनिडॅझोल लिहायची गरज नसते. दातांवरचं किटण काढून घ्या, घरी रोज दोनदा ब्रश आणि फटींची सफाई, सहा आठवड्यांनी हिरडीची खोली परत मोजा. मळ गेला की अमीबाचं घर जातं. हिरडीतून पू येत असेल, दात हलत असतील, तरच दंतवैद्य जोडीला औषध देतील.